विकिपीडियावर जोखीमसंवाद लिहायला देताना

विज्ञानसंवाद आणि जोखीमसंवाद (धोक्यांबद्दल लोकांशी कसं बोलावं याचा अभ्यास) शिकणाऱ्या पदव्युत्तर व पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून सत्राअखेरच्या निबंधाऐवजी विकिपीडियावर लेख लिहून घ्यायचे आहेत. विषय कसे निवडावेत, लिखाण उडवलं जाऊ नये म्हणून काय करावं आणि गुण कशाचे द्यावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

मी हा विषय शिकवतो आणि विकिपीडियावर संपादनही करतो. 'माझं लिखाण का काढलं' म्हणत विद्यार्थी येतात तेव्हा मी मास्तर असतो, आणि दुसऱ्या कुणाच्या विद्यार्थ्यांचं लिखाण काढतो तेव्हा संपादक. त्यामुळे आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. उपक्रम जरूर करा. पण 'नवा लेख लिहा' असं सांगू नका. आधीपासून असलेल्या लेखातला एखादा कच्चा विभाग सुधारायला द्या. आणि पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना बजावा, की लोकांना काय सांगितलं पाहिजे हे ठरवायची जी सवय या विषयाने त्यांना लावली आहे, ती इथे बाहेर ठेवून यायची आहे.

या दुसऱ्या गोष्टीवरच बहुतेक विद्यार्थी अडखळतात, म्हणून ती आधी घेतो.

जोखीमसंवाद हा विषय मुळात सल्ल्यांतून वाढला. बारूक फिशहॉफ यांनी १९९५ मध्ये या क्षेत्राच्या वीस वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेतला, तेव्हा टप्पे साधारण असे मांडले: आधी वाटलं आकडे बरोबर काढले की झालं, मग ते लोकांना सांगितले की झालं, मग त्यांचा अर्थ समजावायचा, मग 'अशा जोखमी तुम्ही याआधीही पत्करल्या आहेत' हे दाखवायचं, मग व्यवहार लोकांच्याच फायद्याचा आहे हे पटवायचं, मग त्यांच्याशी नीट वागायचं, आणि सरतेशेवटी त्यांना भागीदार करून घ्यायचं. यातली प्रत्येक पायरी 'आपण काय करावं' या प्रश्नाचं उत्तर आहे. या साहित्यावर वाढलेला विद्यार्थी लेख लिहायला बसला की त्याच्या वाक्यांत 'पाहिजे', 'टाळावं', 'नेहमी' आपोआप येतात. विकिपीडिया ही मार्गदर्शक पुस्तिका नाही, असा तिथे स्पष्ट नियम आहे, त्यामुळे ही वाक्यं पहिल्या फेरीतच कापली जातात. विद्यार्थ्याला वाटतं आपला मुद्दा कुणाला पटला नाही. मुद्द्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

'लोकांना भीती दाखवू नये, त्याने उलट परिणाम होतो' हे वाक्य घ्या. वर्गात ते खपतं. लेखात घालायचं तर कोणी तपासलं, कोणावर, कशाबद्दल, हे सांगावं लागतं. शोध घेतला की १९५३ चा जॅनिस आणि फेशबॅक यांचा दातांच्या निगेबद्दलचा प्रयोग सापडतो, ज्यात सगळ्यात घाबरवणारा संदेश सगळ्यात कमी परिणामकारक ठरला होता. पुढे १९९२ मध्ये किम विट यांनी असं मांडलं, की भीतीसोबत 'यावर मला काही करता येईल' हा विश्वास असेल तर माणूस धोक्यावर उपाय करतो, नसेल तर भीतीच झटकून टाकतो. आणि २०१५ मध्ये टॅननबॉम आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं, तेव्हा भीती वापरणारे संदेश सर्वसाधारणपणे परिणाम करतात, उलटे फिरल्याचा पुरावा फारसा नाही, असं दिसलं. एक सल्ला माहितीत बदलायला गेलं आणि सल्लाच डळमळला. निबंधात हे घडत नाही, कारण निबंध वाचणाऱ्या मास्तरांनाही तो सल्ला पाठ असतो. हा उपक्रम करावा असं मला वाटतं त्याचं खरं कारण हे आहे. 'जगभरचे लोक तुमचं लिखाण वाचतील' वगैरे प्रलोभनं दुय्यम.

चुकीची धारणा दुरुस्त करायला गेलं की ती अधिक घट्ट होते, ही समजूतही याच जातीची. २०१० मध्ये नायहान आणि राइफलर यांना काही राजकीय प्रश्नांवर तसं आढळलं आणि ते निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत, कार्यशाळांत, सरकारी पुस्तिकांत जाऊन बसले. २०१९ मध्ये वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ मुद्दे घेऊन तपासलं, तर हा उलटा परिणाम जवळपास कुठेच दिसेना. तुमच्या विद्यार्थ्यांना असे लेख द्या, जिथे जुना निष्कर्ष मजकुरात ठाण मांडून बसला आहे आणि नंतरचं काम एका ओळीत उरकलं आहे. तिथे एका विद्यार्थ्याचं सत्रभराचं काम सहज निघतं.

आता विषयांबद्दल. नवा लेख का नको? पहिलं कारण उल्लेखनीयतेचं. विषयावर स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांनी पुरेसं सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. विद्यार्थी बहुतेकदा स्वतःच्या मार्गदर्शकांनी मांडलेली संकल्पना निवडतात, आणि तिच्यावर लिहिणारे सगळे त्याच प्रयोगशाळेतले निघतात. असा लेख काढून टाकला जातो, वर हितसंबंधाचा प्रश्न उभा राहतो. मी तर नियमच ठेवतो: आपला गाइड, आपला विभाग, आपला प्रकल्प, यांतलं काहीही लेखात येणार नाही, संदर्भ म्हणूनसुद्धा, यायलाच हवं असेल तर चर्चापानावर (प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर) उघड सांगून, दुसऱ्या संपादकाला निर्णय घ्यायला सांगायचं.

दुसरं कारण असं, की नव्या लेखात विद्यार्थ्याचं अर्धं लक्ष लेख टिकवण्यातच जातं. डॉना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण सगळे देतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पंचावन्न वर्षांत हे नोबेल मिळालेली ती पहिली स्त्री. आणि त्याच वर्षी काही महिने आधी त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने परत पाठवला होता, कारण दिलेले संदर्भ उल्लेखनीयता दाखवायला पुरेसे वाटले नाहीत. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्य होती. पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट एवढीच, की परीक्षकापुढे मसुद्यातले संदर्भ असतात, माणसाची खरी योग्यता नसते. ज्या क्षेत्रांत स्वतंत्र लिखाण कमी झालेलं आहे, तिथे हा दरवाजा अरुंद आहे. सत्राच्या मुदतीत त्याच्याशी झगडत बसण्यात शहाणपण नाही.

मग काय द्यावं? जिथे आकडा आहे आणि त्याखालचा छेद, म्हणजे कितीजणांपैकी हे, गायब आहे, असे विभाग शोधा. ही जोखीमसंवादाच्या विद्यार्थ्याची खास जागा. इथे तो इतर संपादकांपेक्षा खरोखर जास्त उपयोगी पडतो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने कळवलं, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याची जोखीम दुप्पट होते. बातमी 'दुप्पट' अशीच गेली. प्रत्यक्षात ती ७,००० स्त्रियांमागे १ वरून २ झाली होती. हजारो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० जादा गर्भपात झाले असं मानलं जातं. गर्भारपणात आणि गर्भपातात गुठळीची जोखीम त्या गोळीपेक्षा जास्त असते, हा यातला क्रूर भाग. आता औषधांवरचे, आजारांवरचे, प्रदूषकांवरचे लेख चाळा. 'जोखीम ४० टक्क्यांनी वाढते' अशी वाक्यं ढिगाने मिळतील: कशापासून वाढते, किती काळात, कोणत्या वयात, काहीच नाही. एका लेखातली अशी दहा वाक्यं मूळ स्रोतापर्यंत नेऊन मूळ दर, नवा दर आणि कालावधी घालून आणणं, हा माझ्या मते कुठल्याही दोन हजार शब्दांच्या नव्या लेखापेक्षा चांगला गृहपाठ आहे. करायला घेतल्यावर कळतं की निम्म्या स्रोतांत मूळ दर दिलेलाच नसतो. तेव्हा तो दुसऱ्या स्रोतातून उचलून गुणाकार करायचा मोह होतो. तो आवरायचा. याबद्दल पुढे सांगतो.

असाच दुसरा गोंधळ म्हणजे धोका (एखादी गोष्ट अपाय करू शकते का) आणि जोखीम (तो अपाय होण्याची शक्यता किती) एक समजणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं. तंबाखूही याच गटात आहे. त्यावरून 'मांस तंबाखूइतकंच घातक' असे मथळे आले. पण हा गट पुराव्याची खात्री किती आहे ते सांगतो, परिणाम किती मोठा ते सांगत नाही. त्याच निवेदनात रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते असंही होतं, आणि तिथेही पुन्हा छेदाचा प्रश्न आहेच. अशा वर्गीकरणांचा उल्लेख शेकडो लेखांत येतो. एक विद्यार्थी एकाच प्रकारची दुरुस्ती अनेक लेखांत करू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणी संपादन सारांशात (बदलासोबत द्यायच्या छोट्या टिपणीत) कारण लिहितो. सराव म्हणून हे फार उत्तम.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हेही पाहण्यासारखं. अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी त्याची शक्यता १ टक्का. तीस वर्षं त्या काठावर राहणाऱ्याच्या वाट्याला असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. साधी बेरीज-वजाबाकी, एककांची अदलाबदल विकिपीडियावर चालते. हा हिशेब मात्र दरवर्षीची शक्यता स्वतंत्र आणि तेवढीच राहते असं गृहीत धरतो, म्हणून तो ज्याने छापला आहे त्याचा संदर्भ द्यायला सांगा.

विद्यापीठात आणि विश्वकोशात खरा खटका उडतो तो स्वतःच्या संशोधनावर. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण 'दोन स्रोत जोडून तिसराच निष्कर्ष काढायचा नाही' हा त्याचाच पोटभाग पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या गळी उतरत नाही. एका अभ्यासात आहे की लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास डॉक्टरांवर असतो; दुसऱ्यात आहे की अनेक डॉक्टरांना सापेक्ष जोखमीचे ('दुप्पट', '४० टक्क्यांनी जास्त' असे) आकडे नीट उमगत नाहीत; विद्यार्थी लिहितो, 'त्यामुळे लोकांपर्यंत चुकीची माहिती विश्वासाने पोहोचते'. प्रबंधात या वाक्याला शाबासकी मिळते. इथे ते काढलं जातं, कारण ते कुणीच छापलेलं नाही. विद्यार्थ्याने सुचवलं आहे. मघाचा गुणाकाराचा मोह आवरायचा तोही याचसाठी. शोधनिबंध लिहिणारा वकिली करतो; इथे कोर्टातल्या कारकुनाचं काम आहे, कोण काय म्हणालं ते बिनचूक नोंदवायचं. हुशार विद्यार्थ्यांना यात कमीपणा वाटतो. वाटू द्या. आठ-दहा स्रोत समोर ठेवून कुणालाही अन्याय न करता तीन परिच्छेद लिहिणं किती अवघड आहे हे त्यांना महिन्याभरात कळतं.

स्रोत कोणते, हा प्रश्न यालाच जोडून येतो. आरोग्याशी संबंधित विधानं असतील तर इंग्रजी विकिपीडियाचे नियम फार कडक आहेत: एकट्या-दुकट्या प्रयोगाचा शोधनिबंध चालत नाही, आढावा घेणारे लेख, एकत्रित विश्लेषणं, मान्यताप्राप्त संस्थांच्या मार्गदर्शिका लागतात, आणि शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतल्या. जोखीमसंवाद हे सामाजिक शास्त्र आहे, म्हणून आपल्याला हे लागू नाही, असं विद्यार्थ्यांना वाटतं. पण 'अमुक पद्धतीने सांगितल्यावर लसीकरण वाढलं' हे वाक्य आरोग्याचं विधान म्हणूनच तपासलं जाण्याची शक्यता धरून चाला. वाद चालू असलेले काही लेख तर कुलूपबंदच असतात. ५०० संपादनं आणि ३० दिवस पूर्ण केल्याशिवाय तिथे हात घालता येत नाही. विद्यार्थ्यांना ते देऊच नका.

तटस्थतेबद्दल विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जास्त समजवावं लागत नाही. दोन्ही बाजूंना समसमान जागा म्हणजे तटस्थता नव्हे. स्रोतांत ज्याला जेवढं वजन, तेवढं लेखात. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला; त्याला 'दुसरी बाजू' म्हणून जागा मिळत नाही. हे सोपं. अवघड ते आपल्याच क्षेत्रातल्या लाडक्या गोष्टींचं वजन ठरवणं. पीटर सँडमन यांचं 'जोखीम म्हणजे धोका अधिक संताप' हे सूत्र अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात येतं, म्हणून विद्यार्थी ते लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घालतात, जणू भौतिकशास्त्राचा नियम. ते एका अनुभवी सल्लागाराचं उपयुक्त सूत्र आहे आणि लेखात त्याच नावाने, त्याच मापाने यायला हवं. पॉल स्लोविक यांचं १९८७ चं काम, ज्यात लोकांच्या नजरेतली जोखीम धास्ती आणि अनोळखीपणा या दोन अक्षांवर मांडली आहे, त्याला वेगळं वजन आहे, कारण त्यावर पुढे कित्येकांनी तपासण्या केल्या, टीकाही केली. कशाला किती ओळी, हे ठरवताना विद्यार्थ्याला पहिल्यांदाच आपलं क्षेत्र बाहेरून पाहावं लागतं.

तटस्थतेची खरी परीक्षा घ्यायची असेल तर लाक्विला द्या. इटलीतल्या या शहरात ६ एप्रिल २००९ ला भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. त्याच्या आठवडाभर आधी, ३१ मार्चला, तज्ज्ञांची बैठक झाली होती आणि तिच्या आगेमागे लोकांना दिलासा देणारी विधानं केली गेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलात सहा जण सुटले आणि सातव्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. २०१५ मध्ये सर्वोच्च पातळीवर हाच निकाल कायम राहिला. जगभर याची गोष्ट 'भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात' अशी पसरली. खटल्याचा मुद्दा भाकिताचा नव्हताच. जोखमीचं मूल्यमापन आणि लोकांना जे सांगितलं गेलं ते, असा होता. विद्यार्थी शास्त्रज्ञांच्या बाजूचे असतात, ते स्वाभाविक आहे, आणि पहिल्या मसुद्यात ते प्रत्येक विशेषणातून दिसतं. शिवाय यातली काही माणसं हयात आहेत, आणि हयात व्यक्तींबद्दलच्या प्रत्येक विधानाला भक्कम संदर्भ नसेल तर ते कुणीही तत्काळ काढू शकतं. एकच परिच्छेद लिहून घ्या, सहा ओळींचा. वर्गात सगळ्यांचे परिच्छेद शेजारी शेजारी लावा. मी यावर पूर्ण तास घालवतो आणि तो कमी पडतो.

उलट बाजूने पाहायला समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांचं इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या मेंढपाळांवरचं काम आहे. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर १९८६ मध्ये तिथल्या मेंढ्यांवर निर्बंध आले. तीन आठवड्यांत उठतील असं सांगण्यात आलं होतं, शेवटचे उठले २०१२ मध्ये. शेतकऱ्यांना जमिनीची, चराईची जी माहिती होती ती तज्ज्ञांनी विचारात घेतली नाही, हे विन यांचं म्हणणं. लोकांकडे माहितीची कमतरता आहे आणि ती भरून काढली की प्रश्न सुटला, या समजुतीवर टीका करताना हे उदाहरण हमखास येतं. विद्यार्थी ते एका ओळीत उरकतात आणि त्यातले शेतकरी नाहीसे होतात.

आता कामाच्या पद्धतीबद्दल, भराभर.

प्रत्येकाचं स्वतंत्र खातं हवं. गटाचं एक खातं चालत नाही. खरं नाव वापरायची सक्ती करू नका, वादग्रस्त विषयांवर लिहिणाऱ्याला ती पुढे महागात पडू शकते. इंग्रजी विकिपीडियावर थेट नवं पान बनवायला खातं चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झालेलं लागतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात शुद्धलेखन, मेलेले दुवे, संदर्भ हवा अशी खूण असलेली वाक्यं, हे करून घ्या. वेगवेगळ्या भाषांच्या विकिपीडियांचे नियम सारखे नसतात. जिथे लिहायचं तिथले वाचा. उपक्रमाचं पान बनवून नोंद करा, म्हणजे तिथल्या लोकांना कळतं हे कोण अचानक आले. अमेरिका आणि कॅनडातल्या अभ्यासक्रमांना विकी एज्युकेशन ही संस्था मदत करते; इतर ठिकाणचे शिक्षकही नोंदणी आणि देखरेखीसाठी विकिमीडियाचा डॅशबोर्ड वापरू शकतात.

लिहायला सुरुवात धूळपाटीवर, म्हणजे खात्याच्या सरावाच्या पानावर. पण तिथे दोन महिने लपून लिहायचं आणि शेवटच्या रात्री सगळं एकदम मूळ लेखावर ओतायचं, हे करू देऊ नका. मुदतीच्या आदल्या रात्री पंधरा विद्यार्थ्यांचं लिखाण येऊन आदळतं, तपासायला कुणी नसतं, आणि सकाळी स्वयंसेवक ते सरसकट उलटवतात, म्हणजे लेख आधीसारखा करून टाकतात. त्यांची चूक नाही. आधी चर्चापानावर लिहायचं: या विभागात मला अमुक उणीव दिसते, हे स्रोत वापरणार आहे, आठवडाभर थांबतो. मग परिच्छेदापरिच्छेदाने घालायचं, प्रत्येक वेळी सारांशात कारण देऊन. कुणी उलटवलं तर पुन्हा तेच घालायचं नाही, चर्चापानावर जायचं. चोवीस तासांत तीनदापेक्षा जास्त उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते. आणि 'आमच्या सरांनी सांगितलंय' हा तिथे युक्तिवाद होत नाही, हे सरांनीच सांगून ठेवावं.

लिखाणात दोन सवयी लावा. 'सध्या', 'अलीकडे', 'नव्या संशोधनानुसार' हे शब्द बंद, साल द्यायचं. लेख दहा वर्षांनी वाचला जाणार आहे आणि तेव्हा 'अलीकडे'चा अर्थ कुणालाच लागणार नाही. आणि 'तज्ज्ञांच्या मते' बंद. कोणते तज्ज्ञ ते लिहायचं. लेखाचा सुरुवातीचा भाग सगळ्यात शेवटी लिहू द्या, पण त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. साथ आली, स्फोट झाला, औषध बाजारातून मागे घेतलं, की त्या विषयावरच्या लेखाचे वाचक एकाएकी कैक पटींनी वाढतात, आणि घाबरलेला वाचक मोबाईलवर पहिले दोन परिच्छेद वाचून निघून जातो. छेद तिथेच हवा.

प्रताधिकाराबद्दल एक अडचण, जी कुणी आधी सांगत नाही. विकिपीडियावर घातलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो. विद्यार्थ्याने स्वतःच्याच छापून आलेल्या शोधनिबंधातले परिच्छेद उचलले, तर हक्क प्रकाशकाकडे असल्यास ते उल्लंघन ठरू शकतं. उलट दिशेनेही त्रास होतो: लेखासाठी लिहिलेला मजकूर पुढे प्रबंधात वापरला, की विद्यापीठाचं वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर 'विकिपीडियावरून उचललं' असं दाखवतं. ते आपलंच आहे हे सिद्ध करायला संपादन इतिहासातले दुवे जपून ठेवायला सांगा. आणि शोधनिबंधातल्या आकृत्या तशाच्या तशा चढवायच्या नाहीत. आकडे घेऊन आलेख नव्याने काढायचा.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नियम केला, की एआयने लिहिलेला आणि कुणीही न तपासता टाकलेला लेख प्रचालक (पानं काढण्याचे अधिकार असलेले संपादक) लांबलचक चर्चेशिवाय काढू शकतात. खुणा ठरलेल्या आहेत: अस्तित्वात नसलेले संदर्भ, मजकुराशी संबंध नसलेले संदर्भ, वापरकर्त्याला उद्देशून राहून गेलेली वाक्यं. माझा उपाय जुनाच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवायचं, त्याच्या लेखातला कोणताही एक संदर्भ मी निवडायचा, त्याने तो उघडून विधान कोणत्या पानावर आहे ते दाखवायचं. दहा मिनिटं लागतात, आणि यंत्राने लिहिलं की माणसाने, हा वाद घालायची गरजच उरत नाही.

गुण. लेख टिकला की नाही यावर एकही गुण ठेवू नका. टिकणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि गुण त्यावर टांगलेले असले की विद्यार्थी स्वयंसेवकांशी भांडतात, ज्यांचा तुमच्या निकालाशी काहीही संबंध नाही. मी सर्वांत जास्त गुण टिपणांसह दिलेल्या स्रोतयादीला देतो: प्रत्येक स्रोत काय म्हणतो, कशावर आधारलेला आहे, किती वजनाचा, का घेतला, का सोडला. त्याखालोखाल चर्चापानावरच्या वागणुकीला. मग प्रत्यक्ष मजकुराला, आणि तो मी संपादन इतिहासातून वाचतो, म्हणजे नंतर कुणी बदलला तरी विद्यार्थ्याचं नुकसान होत नाही. शेवटी दोन पानांचं एक टिपण मागतो: तुमचं काय काढलं गेलं, कारण काय दिलं, आणि ते कारण तुम्हाला पटलं का. 'नाही पटलं' हे उत्तर नीट मांडलं असेल तर पूर्ण गुण. संपादक चुकतातही.

शब्दसंख्येवर गुण देण्याची विभागाची परंपरा असेल तर ती आधी मोडून घ्या, कारण चांगल्या संपादनाने लेख अनेकदा लहान होतो.

आणि तुमचे सहकारी विचारतील, यात संशोधन कुठे आहे? थॉम्पसन आणि हॅनली यांचा २०१७ चा प्रयोग त्यांना सांगा. त्यांनी रसायनशास्त्रातले नवे लेख जाणकारांकडून लिहून घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे निवडून विकिपीडियावर घातले आणि निम्मे राखून ठेवले. नंतर छापून आलेल्या शोधनिबंधांची भाषा तपासली, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या लेखांची छाप तिच्यावर पडलेली दिसली. म्हणजे शोधनिबंध लिहिणारेही विकिपीडिया वाचतात, आणि संदर्भयादीत मात्र तिचं नाव घालत नाहीत.

पहिल्याच सत्रात वर्ग मोठा असेल तर दोघांत एक लेख द्या. दोघांची खाती वेगळी राहू द्या, आणि कोणाला कोणता विभाग दिला आहे ते सुरुवातीलाच चर्चापानावर लिहून घ्या. लेखांची यादी सत्र सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः काढून ठेवा: प्रत्येक लेखाचा इतिहास पाहा, गेल्या काही महिन्यांत तिथे उलटवाउलटवी चालू असेल तर वगळा, आणि निदान चार चांगले आढावा-लेख ग्रंथालयात मिळतात ना हे बघा. मिळत नसतील तर तो लेख विद्यार्थ्याला देऊ नका, विषय कितीही आवडता असला तरी.